देव राहिले, गांव निघाला

ज्या घरांतील मुलें शिक्षणासाठीं किंवा चाकरीसाठीं परगांवीं गेलीं आहेत, त्या घरांत वर्षांतून एकदां तरी एक वाद निघतोच: यंदा गांवीं जावयाचें कीं नाहीं? वडील मंडळी म्हणतात, निदान देवाला तरी जाऊन आलें पाहिजे. सूनबाई म्हणतात, मुलांच्या परीक्षा तोंडावर आल्या आहेत. आणि मुलें विचारतात, तेथें जाऊन करावयाचें काय? या तिसऱ्या प्रश्नाचें उत्तर आपल्यापैकीं पुष्कळांजवळ तयार नसतें. म्हणून तो दटावून मिटविला जातो. आमच्या मतें तो दटावण्याजोगा नाहीं. त्याचा सरळ विचार करावा, एवढ्याच हेतूनें हा लेख लिहीत आहों.

आमचें गांव डोणगांव. बुलढाणा जिल्ह्यांतील मेहकर तालुक्याचें. कचेरी, बाजार आणि देव या तिन्हींसाठीं आम्हां डोणगांवकरांचीं पावलें मेहकराकडे वळत आलीं. पैनगंगेच्या कांठीं वसलेलें हें गांव जुनें आहे. मेघंकर नांवाच्या दैत्याचा शार्ङ्गधर विष्णूनें येथें वध केला व त्यावरून गांवास नांव पडलें, अशी कथा तेथें सांगतात. शेजारच्या लोणारची कथाहि याच वळणाची: तेथें लवणासुर मारला गेला व विष्णु दैत्यसूदन झाला. लोणारचें सरोवर उल्कापातानें झालें, हें आतां शास्त्रानें सिद्ध केलें आहे, आणि २०२० सालीं तें रामसर पाणथळांच्या यादींतहि गेलें. तथापि कथेनें त्या खोल विवराचें आश्चर्य शास्त्राच्या फार आधीं टिपून ठेविलें होतें, हें विसरूं नये.

मेहकरच्या शारंगधर बालाजीची मूर्ति १८८८ सालीं जमीन खणतांना सांपडली. काळ्या पाषाणाची, सुमारें अकरा फूट उंचीची. परचक्राच्या काळीं कोणीतरी ती भूमीच्या पोटांत जपून ठेविली असावी. असल्या मूर्तीपुढें उभें राहिल्यावर मुलांना काय सांगावें, हा प्रश्न ज्यांना पडतो त्यांच्यासाठीं एक गणित देतों. विष्णूच्या चतुर्भुज मूर्तीच्या हातांत शंख, चक्र, गदा आणि पद्म असतात. चार वस्तु चार हातांत किती प्रकारांनीं देतां येतील? चार गुणिले तीन गुणिले दोन, म्हणजे चोवीस. आणि संध्येंत आचमनाच्या वेळीं आपण केशवापासून श्रीकृष्णापर्यंत जीं नांवें घेतों, तींहि चोवीसच. आयुधांचा क्रम बदलला कीं मूर्तीचें नांव बदलतें, असें मूर्तिशास्त्र सांगतें. ग्रंथांग्रंथांत क्रमाचा मतभेद आहे, परंतु संख्या तीच. मुंज झालेल्या मुलास हें एकदां देवापुढें उभें करून दाखवावें. पाठ केलेलीं नांवें त्याला डोळ्यांनीं दिसूं लागतील. आणखी एक. ‘शार्ङ्ग’ हा शब्द ‘शृङ्ग’ यापासून झाला. शिंगाचें केलेलें धनुष्य तें शार्ङ्ग. चतुर्भुज मूर्तींत सामान्यतः धनुष्य नसतें. तेव्हां हें नांव मूर्तीच्या हातांतून आलें नसून गांवाच्या कथेंतून आलें आहे, असा तर्क करावयास जागा आहे.

मूर्ति सांपडल्यानंतर काय झालें, तें मेहकरचे लोक अभिमानानें सांगतात. इंग्रज अधिकाऱ्यांच्या मनांत ती विलायतेच्या संग्रहालयांत न्यावयाची होती. गांवकऱ्यांनीं तें ओळखलें आणि आज्ञा येण्यापूर्वींच तिची प्रतिष्ठापना केली. एकदां प्राणप्रतिष्ठा झाली कीं ती वस्तु राहत नाहीं, देव होतो; देवाला पेटींत घालून आगबोटीवर चढविणें सरकारासहि सोपें नव्हतें. ही हकीकत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते, आणि तिचें मर्म स्पष्ट आहे: ज्या लोकांजवळ तोफ नव्हती कीं पैका नव्हता, त्यांनीं विधीच्या बळावर आपला देव गांवांत ठेविला.

आतां या हकीकतीची दुसरी बाजू पाहावी. देवाला विलायतेस जाऊं न देणाऱ्यांचे पणतू आज स्वतःच्या पायांनीं पुण्यास, मुंबईस आणि विलायतेसहि गेले. नागपूर-मुंबई समृद्धि महामार्ग मेहकरजवळून जातो. त्याचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजीं खुला झाला आणि ७०१ किलोमीटरचा सारा मार्ग ५ जून २०२५ रोजीं पुरा झाला. पूर्वीं जो प्रवास दिवस खात असे तो आतां कांहीं तासांचा झाला. पण रस्ता दोन्ही दिशांनीं जातो. बऱ्याच वर्षांनीं परवां गांवीं गेलों, तेव्हां ज्या वाड्यांतून एके काळीं पंगती उठत त्यांतील कित्येकांना कुलपें दिसलीं. शेतें मात्र हिरवीं होतीं. ज्वारीच्या जागीं सोयाबीन आलें आहे. गांव मेलेलें नाहीं. तें आपल्यावांचून चालूं लागलें आहे, आणि आपल्याला जें टोचतें तें हेंच.

गांव सोडून जाणें हा दोष आम्ही मानीत नाहीं. वाढत्या कुटुंबाला वाटणीची शेती पुरत नाहीं आणि विद्येला क्षेत्र लागतें. तरीहि राहणारांचें उदाहरण डोळ्यांपुढें असावें. कवि ना. घ. देशपांडे १९०९ सालीं याच जिल्ह्यांत सेंदुरजन येथें जन्मले. त्यांचें ‘शीळ’ हें गीत जी. एन. जोशी यांच्या कंठांतून साऱ्या महाराष्ट्रांत पोंचलें; १९८६ सालीं ‘खूणगाठी’ या संग्रहास साहित्य अकादेमीचा पुरस्कार मिळाला. कीर्ति दूरवर गेली. कवि मात्र मेहकरांतच वकिली करीत राहिले. मेहकरच्या कंचनीच्या महालावर त्यांनीं काव्य रचलें, आणि एका पडक्या वास्तूला सबंध महाराष्ट्रांत ओळख मिळाली.

आणि ज्यांना राहतां येत नाहीं, त्यांनीं काय करावें? याचा एक चांगला धडा आम्हांस गोमंतकांतील ख्रिस्ती बांधवांकडून घ्यावासा वाटतो. पोटासाठीं मुंबईस आलेल्या गोवेकरांनीं धोबी तलाव, माझगांव या भागांत ‘कूड’ स्थापिले. एकेका गांवाचा एकेक कूड; तेथें त्या गांवच्या माणसानें उतरावें. प्रत्येक कुडांत वेदी असते, सायंकाळीं सर्वांनीं मिळून प्रार्थना करावयाची असते आणि गांवच्या चर्चचें फेस्त आलें कीं तें कुडांतहि साजरें होतें. ज्याला सुटी मिळते तो गांवीं जातो. ज्याला मिळत नाहीं त्यालाहि तो दिवस कोणता हें विसरतां येत नाहीं. कित्येक जण बोटीवर खलाशी म्हणून जग फिरत, पण परतल्यावर त्यांची पेटी गांवाच्या नांवानेंच उतरे. म्हापशाची मिलाग्रिस सायबीण आणि शिरगांवची लइराई या बहिणी आहेत असें गोव्यांत हिंदु व ख्रिस्ती दोघेहि मानतात, आणि सायबिणीच्या फेस्ताला हिंदु बाया तेल घेऊन जातात. धर्म निराळा झाला तरी गांवाचें नातें तुटलें नाहीं, याहून मोठी साक्ष कोणती?

येथें एक कडू गोष्ट बोलल्यावांचून पुढें जाणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. गांवाची आठवण सर्वांनाच गोड असते असें नाहीं. आपल्या आजोबांना ज्या देवळाची पायरी माहेराच्या उंबऱ्यासारखी वाटे, त्याच देवळांच्या पायरीवर कित्येकांच्या आजोबांना अडविलें जात होतें. पंढरपूरचें विठ्ठलमंदिर हरिजनांस खुलें व्हावें म्हणून साने गुरुजींना १९४७ सालीं प्राण पणाला लावून उपोषण करावें लागलें, आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजीं नागपुरास लाखों लोकांनीं बौद्ध धर्म स्वीकारला, यांतील वऱ्हाडची माणसें आपल्याच गांवांतून गेलीं होतीं. कोणी विहारांत गेले, कोणी त्याआधींच चर्चमध्यें गेले. जेथें त्यांना प्रथम आंत या म्हटलें गेलें तेथें ते गेले. म्हणून आपण गांवीं जातों तेव्हां केवळ आपल्या वाड्याचा आणि आपल्या देवाचा शोध घेऊन परतणें अपुरें आहे. पलीकडच्या आळींतील शाळासोबती आज कोठें आहे, त्याचे नातू काय शिकतात, हें विचारल्यावांचून गांवीं जाऊन आलों असें म्हणूं नये.

मग मुलांच्या प्रश्नाचें उत्तर काय? तेथें जाऊन तीन गोष्टी कराव्या. पहिली, निदान दोन रात्री राहावें. सकाळीं येऊन अभिषेक उरकून दुपारीं परतणारास देव दिसतो, गांव दिसत नाहीं. दुसरी, घरांतील वडिलांनीं मुलांना नांवें सांगावीं: हें शेत कोणाचें होतें, ही विहीर कोणीं खणविली, अमक्या आजी कोणत्या घरांत नांदावयास आल्या. हीं नांवें कोठेंहि छापलेलीं नाहींत. सांगणारे गेले कीं तींहि गेलीं. घरांतील लेकीसुनांनीं तीं वहींत उतरून घ्यावीं. तिसरी, देणगी द्यावयाची असल्यास कळसासाठीं देण्याआधीं गांवच्या शाळेंत डोकावून पाहावें. मेहकर तालुक्यांतच हिवरा येथील विवेकानंद आश्रमानें देवपूजा, विद्या आणि अन्नदान हीं एकत्र नांदतात हें दाखवून दिलें आहे; तेथील जयंतीच्या महाप्रसादाला शेतांत लांबच लांब पंगती बसतात आणि वाढपासाठीं ट्रॅक्टर चालतात. त्या पंगतींत आपल्या मुलांना एकदां बसवावें. शेजारीं कोण बसला आहे हें तेथें विचारावें लागत नाहीं.

देव सर्वत्र आहे, मग त्यासाठीं मेहकरासच कशाला जावें, असें कोणी सुशिक्षित तरुण म्हणेल. देव सर्वत्र आहे हें खरें. पण आपले पूर्वज सर्वत्र नव्हते. ते एका ठिकाणीं होते, एका नदीचें पाणी पीत होते आणि एका मूर्तीपुढें हात जोडीत होते. जी मूर्ति त्यांनीं विलायतेस जाऊं दिली नाहीं, ती त्यांनीं आपल्यासाठींच ठेविली, असें आम्ही मानतों. येत्या दिवाळींत किंवा उन्हाळ्याच्या सुटींत घरांत तो जुना वाद पुन्हा निघेल. त्या वेळीं परीक्षेचा दिवस टाळून, पण वर्ष न टाळतां, सर्वांनीं मिळून जाण्याचा बेत करावा, इतकीच वाचकांस विनंति आहे.