बटाट्याचा खटला आणि बियाण्याचा हक्क

एप्रिल 2019. गुजरातच्या साबरकांठा जिल्ह्यातल्या चार बटाटा उत्पादकांवर पेप्सिको इंडियाने अहमदाबादच्या न्यायालयात दावे लावले. भरपाईची मागणी होती प्रत्येकी 1 कोटी 5 लाख रुपयांची. वेफर्ससाठीचा आपला नोंदणीकृत वाण त्यांनी परवानगीशिवाय पिकवला, असा कंपनीचा आरोप होता. ज्या कायद्याखाली हे दावे झाले तो महाराष्ट्रातल्या शेतकऱ्यालाही लागू आहे. म्हणून या खटल्याभोवतीचे गैरसमज दूर व्हायला हवेत.

गैरसमज 1 : तो बटाटा जीएम (जनुकीय बदल केलेला) होता.
वस्तुस्थिती : नव्हता. पेप्सिकोचा ‘एफएल 2027’ हा साध्या पैदाशीतून तयार झालेला वाण. भारतात व्यापारी लागवडीला परवानगी असलेले जीएम पीक आजही एकच आहे : कापूस, 2002 पासून.

गैरसमज 2 : कंपनीकडे बियाण्याचे पेटंट होते.
वस्तुस्थिती : आपल्या पेटंट कायद्याचे कलम 3(जे) बियाणे आणि वाण यांना पेटंट देत नाही. कंपनीकडे होती ती 2001 च्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याखाली 2016 मध्ये मिळालेली नोंदणी.

गैरसमज 3 : वाण नोंदणीकृत असला की शेतकऱ्याचे हात बांधले जातात.
वस्तुस्थिती : याच कायद्याचे कलम 39(1)(4) सांगते की, कायद्यात इतरत्र काहीही म्हटले असले तरी शेतकऱ्याला आपल्या शेतातले बियाणे राखता, पेरता, पुन्हा पेरता, दुसऱ्याला देता, बदलता आणि विकताही येते. नोंदणीकृत वाणाचेही. बंधन एकच : त्या वाणाच्या नावाचे लेबल लावून, पिशवीबंद करून विकायचे नाही. शिवाय कलम 42 नुसार, नोंदणीची माहितीच नसलेल्या शेतकऱ्याला दोषी धरता येत नाही.

गैरसमज 4 : न्यायालयाने शेतकऱ्यांच्या बाजूने निकाल दिला.
वस्तुस्थिती : निकालापर्यंत प्रकरण गेलेच नाही. शेतकरी संघटनांनी देशभर आवाज उठवला आणि मे 2019 मध्ये कंपनीने दावे मागे घेतले.

गैरसमज 5 : वाणाची नोंदणी कायमची रद्द झाली.
वस्तुस्थिती : शेतकरी हक्कांच्या कार्यकर्त्या कविता कुरुगंटी यांच्या अर्जावरून वाणांची नोंदणी करणाऱ्या प्राधिकरणाने डिसेंबर 2021 मध्ये ती रद्द केली. जुलै 2023 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या एकल पीठाने तो आदेश कायम ठेवला; जानेवारी 2024 मध्ये खंडपीठाने मात्र तो बाजूला सारला. तरीही कलम 39 ला धक्का लागलेला नाही.

गैरसमज 6 : मग ‘चोर बीटी’, म्हणजे मंजुरी नसलेले जीएम कापूस बियाणे, पेरायलाही हरकत नाही.
वस्तुस्थिती : हरकत आहे. जून 2019 मध्ये अकोला जिल्ह्यात शेतकरी संघटनेने तणनाशक-सहनशील कापसाची जाहीर पेरणी करून सत्याग्रह केला, तो अशा बियाण्यावरील बंदीविरुद्ध. जीएम बियाण्याला पर्यावरण संरक्षण कायद्याखालची मंजुरी लागते आणि या कापसाला ती नाही. ते बियाणे बिनपावतीचे येते. उगवले नाही तर भरपाई कुणाकडे मागणार?

अल्पभूधारकावर कोटीचा दावा लावला जातो, तेव्हा भीती हेच त्यातले मोठे हत्यार असते. त्यावर उतारा म्हणजे माहिती. विकत घेतलेल्या बियाण्याची पावती आणि पिशवी जपून ठेवा, घरचे बियाणे निर्धास्तपणे राखा आणि कलम 39 पुढच्या ग्रामसभेत मोठ्याने वाचून दाखवा. तो हक्क संसदेने दिलेला आहे, कोणत्याही कंपनीची मेहेरबानी नाही.