मोटारीच्या तेलाचा प्रश्न

खडकवासल्याचा एखादा गृहस्थ नवी मोटार तपासणीस नेतो आणि 'दर ५,००० किलोमीटरला इंजिनाचें तेल बदला' असा विक्रेत्याचा सल्ला घेऊन परततो. घरीं पुस्तिका उघडावी, तर पुष्कळ पेट्रोल मोटारींच्या पुस्तिकेंत १०,००० किलोमीटर अथवा एक वर्ष, जें अगोदर येईल तें, असें छापलेलें असतें. मग खरें कोणाचें?

तेल विकण्यांत विक्रेत्याचा लाभ आहे. पण तेवढ्यावरून त्याचा शब्द खोटा ठरत नाहीं. त्याच पुस्तिकेंत कठीण वापराचें निराळें कोष्टक बहुधा असतें, आणि तें सहसा कोणी वाचीत नाहीं! दोन-तीन किलोमीटरांच्या फेऱ्यांत इंजिन पुरतें तापत नाहीं. पाण्याची वाफ व न जळलेलें पेट्रोल तेलांत उतरून तेथेंच राहतें. रविवारीं धरणाच्या चौपाटीवरील कोंडींत इंजिन चालतें, किलोमीटर मात्र वाढत नाहींत. सिंहगडाचा घाट नित्य चढणाऱ्या गाडीचेंही तसेंच. मोकळ्या रस्त्यानें रोज लांब जाणाऱ्यास मोठी मर्यादा पुरते.

'तेल काळें पडलें' हें कारण मात्र मानूं नये. काजळी पोटांत धरून ठेवणें हें चांगल्या तेलाचें कामच आहे. विक्रेत्यास एवढेंच विचारावें, हें पुस्तिकेच्या कोणत्या पानावर आहे? हमीच्या मुदतींत पुस्तिकेची मर्यादा ओलांडूं नये आणि प्रत्येक पावती जपून ठेवावी.