सह्याद्रीचे अग्निजन्य थर आणि खडकांची लोकभाषा

कोकणातून सह्याद्रीकडे पाहिले असता त्याचे कडे एकावर एक रचलेल्या पायऱ्यांसारखे दिसतात. या खडकाला भूशास्त्रात 'ट्रॅप' म्हणतात. ज्या स्वीडिश शब्दावरून ही संज्ञा आली, त्याचा अर्थही पायरी वा जिना असाच आहे.

या पायऱ्यांचे मूळ लाव्हारसात आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भूकवचाला पडलेल्या लांबच लांब भेगांतून हा रस पुनःपुन्हा बाहेर आला आणि दूरवर पसरून थिजला. त्याचे अवशिष्ट क्षेत्र आजही सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर भरते. थर निवत असता त्यातील वायू वर चढले. त्यामुळे थराचा मधला भाग घट्ट राहिला, तर माथ्याकडील भाग सच्छिद्र झाला. पुढे या छिद्रांत गारगोटीसारखी खनिजे साचली. घट्ट भाग उभ्या भेगांवर तुटून त्याचे कडे होतात. सच्छिद्र भाग लवकर झिजून त्याचे उतार बनतात. दोन थरांच्या मध्ये काही ठिकाणी तांबड्या मातीचा पट्टाही आढळतो.

पाठ्यपुस्तके या साऱ्यास 'बेसाल्ट' हे एकच नाव देतात. विहीर खोदणाराची भाषा मात्र अधिक काटेकोर आहे. घट्ट थर तो 'काळा पाषाण' म्हणून ओळखतो, सच्छिद्र थरास 'मांजऱ्या' म्हणतो आणि कुजलेल्या खडकास 'मुरूम'. हा भेद केवळ शब्दांचा नव्हे. काळ्या पाषाणात पाणी भेगांपुरतेच राहते. मुरुमात आणि झिजलेल्या, सांधे पडलेल्या मांजऱ्यात ते अधिक मुरते. महाबळेश्वरी वर्षाला ५००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तरीही घाटमाथ्यावरील अनेक वाड्यांना उन्हाळ्यात पाण्याची टंचाई भासते, याचे एक कारण या खडकांच्या रचनेत आहे. तीव्र उतारांवरून पाणी वाहून जाते आणि घट्ट पाषाण त्यास पोटात घेत नाही.

म्हणून शास्त्रीय परिभाषा सिद्ध करताना हे शब्द ग्राम्य समजून वगळणे हिताचे नाही. यंत्राने विंधणविहिरी घेण्याची प्रथा रूढ झाल्यापासून हाताने विहिरी खोदणारे कारागीर कमी होत आहेत. त्यांच्याकडील शब्द स्थळ व खडकाचा नमुना यांसह नोंदविले गेले, तरच ग्रामस्थ आणि भूशास्त्रज्ञ एकाच थराविषयी बोलत आहेत किंवा कसे, हे निश्चित करता येईल.