दोन टक्के दिले, म्हणजे झालं?

पिंपळे गुरव हे पिंपरी-चिंचवडमधलं, प्रामुख्याने राहणाऱ्यांचं उपनगर. कारखाने पवना नदीपलीकडे कासारवाडी, भोसरी, पिंपरीत आणि पुढे चाकणला. तरीही इथल्या असंख्य घरांचा दिवस कंपनीच्या बसच्या वेळेवर सुरू होतो. उन्हाळ्याच्या तोंडावर नदीत माजणारी जलपर्णी आणि तिच्यासोबत येणारे डास हेही याच घरांच्या वाट्याला येतात. त्यामुळे कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीबद्दल, म्हणजे सीएसआरबद्दल, इथे भरपूर बोललं जातं. बोलण्यात ऐकीव गोष्टी मात्र फार आहेत, आणि त्या जबाबदारी टाळणाऱ्याच्याच पथ्यावर पडतात.

गैरसमज : सीएसआर म्हणजे कंपनीचा दानधर्म. दिला तर दिला.

वस्तुस्थिती : १ एप्रिल २०१४ पासून हा कायद्याचा भाग आहे. कंपनी कायदा २०१३ चं कलम १३५ सांगतं की आदल्या आर्थिक वर्षात नक्त मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये, यांपैकी एक जरी मर्यादा गाठली तरी कंपनीला सीएसआर लागू होतो. मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे किमान २ टक्के खर्च करावे लागतात. पुष्कळ जण हे २ टक्के उलाढालीवर मोजतात आणि भलतेच आकडे सांगत सुटतात. तीन वर्षांचा नफा ८, १० आणि १२ कोटी असेल तर सरासरी १० कोटी, आणि सीएसआरची रक्कम २० लाख.

सुरुवातीची काही वर्षं खर्च न केल्यास कारण लिहून देऊन सुटका होत असे. २२ जानेवारी २०२१ पासून तसं राहिलेलं नाही. न वापरलेली रक्कम ठरलेल्या मुदतीत वेगळ्या खात्यात किंवा सरकारी निधीत भरावी लागते, नाहीतर दंड होतो. हा पैसा कर मात्र नाही. तो महापालिकेकडे जमा होत नाही, आणि कुठे खर्च करायचा हे कंपनीचं संचालक मंडळ ठरवतं. कारखान्याच्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्यावं असं कायदा सांगतो, म्हणून ‘आमच्या भागासाठी काय केलं?’ हा प्रश्न विचारायला संकोचायचं कारण नाही.

गैरसमज : शाळेला बाकं दिली, झाडं लावली, की प्रदूषणाचा हिशेब मिटला.

हा सगळ्यांत घातक समज आहे. सीएसआरच्या नियमांत स्पष्ट लिहिलंय की दुसऱ्या कोणत्याही कायद्याने बंधनकारक असलेलं काम सीएसआर म्हणून धरता येणार नाही. सांडपाणी शुद्ध करणं, धुरांड्याला गाळणी बसवणं, धोकादायक कचरा योग्य ठिकाणी पाठवणं ही कामं १९७४ चा जलप्रदूषण कायदा, १९८१ चा वायुप्रदूषण कायदा आणि १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा यांच्याखाली करावीच लागतात. प्रदूषण नियंत्रण मंडळ, म्हणजे एमपीसीबी, जी संमती देतं (कारखान्यात सगळे ‘कन्सेंट’च म्हणतात), तिच्यात किती पाणी वापरायचं, काय आणि किती बाहेर सोडायचं ते लिहिलेलं असतं. ती मर्यादा मोडणाऱ्याने हजार झाडं लावली तरी ती मोडलेलीच राहते. कामगारांचंही तसंच. स्वतःच्याच कामगारांच्या फायद्याचा खर्च सीएसआरमध्ये बसत नाही. हेल्मेट आणि मशिनचं गार्ड ही मालकाची मुळातली जबाबदारी आहे.

ईटीपी, म्हणजे कारखान्याचं सांडपाणी शुद्ध करणारं केंद्र, नेमकं काय करतं हे एकदा जवळून पाहिलं पाहिजे. क्रोम प्लेटिंगच्या शॉपमधून येणारं धुण्याचं पाणी पिवळं असतं. तो पिवळेपणा षट्संयुजी क्रोमियमचा असतो आणि हा पदार्थ कर्करोगकारक आहे. टाकीत आम्ल घालून सामू २ ते ३ वर आणतात आणि सोडियम बायसल्फाइट टाकतात. डोळ्यांदेखत पिवळं पाणी हिरवट होतं, म्हणजे क्रोमियम त्याच्या कमी विषारी रूपात येतो. मग चुना किंवा कॉस्टिक घालून सामू ८-९ पर्यंत चढवला की हिरवा गाळ तळाशी बसतो. तो फिल्टर प्रेसमध्ये दाबून त्याची वडी होते. ही वडी धोकादायक कचरा ठरते. ती रांजणगावच्या सामायिक प्रकल्पासारख्या अधिकृत ठिकाणीच गेली पाहिजे आणि प्रत्येक फेरीची कागदोपत्री नोंद ठेवावी लागते.

यातल्या प्रत्येक पायरीला पैसे लागतात : रसायनाला, विजेला, गाळ नेणाऱ्या गाडीला. रात्रपाळीत पंप बंद ठेवला तर तेवढे पैसे वाचतात आणि पिवळं पाणी नाल्याला लागतं. माझ्या मते कंपनीच्या जबाबदारीची खरी परीक्षा इथे होते, रात्री दोन वाजता, कुणी फोटो काढत नसताना.

गैरसमज : नदी कारखान्यांनीच नासवली.

याचं उत्तर दोन्ही बाजूंना बोचेल. महाराष्ट्रातल्या प्रदूषित नदीपट्ट्यांचं मोठं कारण घरगुती मैलापाणी हेच आहे. माणशी दिवसाला १३५ लिटर पाणी आणि त्यातलं सुमारे ८० टक्के सांडपाणी, हा नियोजनाचा सर्वमान्य हिशेब. म्हणजे चौघांच्या घरातून रोज ४३० लिटरच्या आसपास पाणी गटारात जातं. त्यातला नायट्रोजन आणि फॉस्फरस हे जलपर्णीचं खत आहे. प्रक्रिया न होता जेवढं मैलापाणी पवनेत जाईल, तेवढी जलपर्णी फोफावणार. तिला कासारवाडीतला कारखाना एकटा जबाबदार नाही. आपली सोसायटीही आहे.

पण एवढ्यावरून ‘कारखान्यांचा काही संबंध नाही’ असं म्हणणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. प्रदूषित पट्टे ठरवतात ते बीओडीवरून, म्हणजे पाण्यातली घाण कुजताना किती ऑक्सिजन खाते त्यावरून. क्रोमियम, निकेल कुजत नाहीत, त्यामुळे ते बीओडीत दिसत नाहीत. नदीत सोडायच्या पाण्यात षट्संयुजी क्रोमियमची मर्यादा लिटरमागे ०.१ मिलिग्रॅम आहे. एवढ्याशा प्रमाणाला ना फेस येतो ना वास. शिवाय महापालिकेचं मैलाशुद्धीकरण केंद्र जिवाणूंवर चालतं. प्लेटिंगचं पाणी ड्रेनेजमध्ये सोडलं तर हे जिवाणूच मरतात आणि घराघरांतलं मैलापाणीही नीट शुद्ध होत नाही.

गैरसमज : हे सगळं मोठ्या कंपन्यांसाठी. छोट्या वर्कशॉपला कोण विचारतंय?

सीएसआर बहुतेक छोट्यांना लागू नाही, हे खरं. प्रदूषणाच्या नियमांतून मात्र केवळ आकार लहान म्हणून सूट मिळत नाही, आणि आकार लहान म्हणून धोकाही लहान होत नाही. ८ डिसेंबर २०२३ ला पिंपरी-चिंचवडमधल्याच तळवड्यात वाढदिवसाच्या केकवर लावायच्या स्पार्कल मेणबत्त्या बनवणाऱ्या कारखान्यात आग लागली आणि तिथे काम करणाऱ्या बायका जळून गेल्या. तिथला धंदा लहान होता, गेलेले जीव लहान नव्हते. ज्यांचा माल अशा छोट्या शेडमध्ये तयार होतो, त्या खरेदीदारांनीही ‘तो आमचा कारखाना नाही’ म्हणून हात झटकू नयेत.

युरोपला माल पाठवणाऱ्यांना तर आता कार्बन उत्सर्जनाचे आकडेच द्यावे लागतात. तिकडची कार्बन सीमाशुल्काची व्यवस्था ऑक्टोबर २०२३ पासून माहिती मागत होती. १ जानेवारी २०२६ पासून तिचा पैशांचा टप्पा सुरू झाला. तिच्यात पोलाद आणि ॲल्युमिनियम आहे, आणि पोलादाचे नट-बोल्टही आहेत.

गैरसमज : सामान्य माणसाला यातलं काही कळू देत नाहीत.

बरंच काही उघडं आहे, आपण पाहत नाही. सीएसआरचा खर्च राष्ट्रीय सीएसआर पोर्टलवर आणि कंपनीच्या वार्षिक अहवालात सापडतो. शेअर बाजारातल्या पहिल्या १,००० कंपन्यांना २०२२-२३ पासून सेबीच्या नियमानुसार पाणी, वीज, कचरा आणि अपघात यांचे आकडे छापावे लागतात. पवनेच्या पाण्याचे नमुने एमपीसीबी नियमित तपासतं. कन्सेंटच्या अटी पाळल्या का, याचे तपासणी अहवाल माहिती अधिकारात मागता येतात. आणि धोकादायक कचरा तयार करणाऱ्या कारखान्याने रसायनं, सांडपाणी, धूर आणि कचरा यांची माहिती गेटबाहेर फलकावर लावली पाहिजे, असा सर्वोच्च न्यायालयाचा १४ ऑक्टोबर २००३ चा आदेश आहे.

कंपनीच्या बसमधून उतरताना तो फलक वाचा. तो नसेल, पुसट असेल किंवा त्यावरचे आकडे जुने असतील, तर एमपीसीबीच्या पिंपरी-चिंचवड कार्यालयात लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. पुढच्या वेळी सोसायटीत कुणी सीएसआरची रोपं घेऊन आलं तर ती आनंदाने लावा, आणि त्याच बैठकीत त्यांच्या ईटीपीचे मागच्या वर्षीचे अहवाल मागा.