पोकलेनला हवा धरते तेव्हा
यंत्रांची ओळख : लेखांक १४

गेल्या आठवड्यात आपण जेसीबी पाहिला. आज त्याचा थोरला भाऊ, चेनवर चालणारं आणि कमरेतून गरगर फिरणारं पोकलेन. त्यातही मला सांगायचंय ते जुन्या पोकलेनबद्दल, ज्याच्या केबिनमध्ये ना एसी असतो ना स्क्रीन, आणि ज्याचा आवाज दोन शिवारं पलीकडून ओळखू येतो.

पोकलेन हा शब्द आपल्याकडे इतका मुरलाय की तो फ्रेंच आहे हे मुद्दाम सांगावं लागतं. पॅरिसच्या ईशान्येला ल प्लेसी-बेलव्हिल नावाचं गाव आहे. तिथे जॉर्ज बताय यांनी १९२७ साली शेतीच्या यंत्रांचा छोटा कारखाना काढला. त्यातूनच पोकलेन कंपनी उभी राहिली, आणि तेलाच्या दाबावर चालणाऱ्या खोदयंत्रांनी ती जगभर पोचली. भारतात ही यंत्रं लार्सन अँड टुब्रो बनवायची. त्यांचं ९० सीके हे मॉडेल धरणं-कालव्यांवर काम केलेल्या जुन्या ऑपरेटरांना आजही तोंडपाठ असतं. पुढे टाटा-हिताची आलं, कोमात्सु आलं, पण शेतकऱ्याने फोनवर मागितलं ते 'पोकलेन'च. इंग्लंडमध्ये लेक डिस्ट्रिक्टमधल्या थ्रेलकेल्डच्या खाणीत याहूनही जुनी, तारेच्या दोरांवर चालणारी खोदयंत्रं हौशी मंडळींनी चालती ठेवली आहेत. आपल्याकडे मात्र जुनं पोकलेन हौसेनं नाही, गरजेनं टिकलंय. शेततळं, विहीर, पाझर तलावातला गाळ अशी कामं त्याच्या वाट्याला येतात.

ते टिकतं कसं, हे मी सिन्नर तालुक्यातल्या एका शेततळ्यावर अगदी जवळून पाहिलं. सकाळचे सात वाजले होते. स्टार्टर फिरत होता, इंजिन दोनदा खोकलं आणि गप्प झालं. ऑपरेटरमामा खाली उतरले. म्हणाले, "काही नाही भाऊ, हवा धरली त्यानं." आदल्या दिवशी टाकी तळाला गेली होती, आणि डिझेलच्या नळीत हवा शिरली होती. हवा दाबली जाते, डिझेल जवळपास दाबलं जात नाही. त्यामुळे पंपाने कितीही जोर लावला तरी नळीतला हवेचा बुडबुडा नुसता आखडतो, आणि इंजिनात डिझेल फवारणारं नोझल उघडण्याइतका दाब तयारच होत नाही. मामांनी फिल्टरवरचा स्क्रू सैल केला आणि हातपंपाचं बटण अंगठ्याने दाबायला सुरुवात केली. आधी फेस आला. मग फेसात डिझेल, मग डिझेलात एखाददुसरा बुडबुडा आणि शेवटी बोटाएवढी स्वच्छ धार. स्क्रू आवळला. मग नोझलच्या नळ्यांचे नट सैल करून स्टार्टर मारला आणि एकेक नट आवळत नेला. तिसऱ्या नटाला इंजिन लंगडत सुरू झालं, सहाव्याला सुरात आलं. वीस मिनिटं, दोन पाने आणि एक फडकं एवढ्यावर काम झालं.

जुन्या डिझेल इंजिनाची सगळी मोहिनी त्या वीस मिनिटांत आहे. त्याला ठिणगी लागत नाही. हवा दाबून इतकी तापवली जाते की तीत उडवलेलं डिझेल आपोआप पेटतं. कधी आणि किती उडवायचं हे ठरवतो तो पंप, ज्याला आपले मेकॅनिक अजूनही 'मायको पंप' म्हणतात, कारण बंगळूरची मायको कंपनी बॉशचे पंप भारतात बनवायची. कंपनीचं नाव २००८ मध्ये बॉश झालं, गॅरेजमधलं नाव बदललं नाही. या पंपात प्रत्येक सिलिंडरसाठी एक छोटा प्लंजर असतो आणि त्याच्या अंगावर तिरकी खाच. प्लंजर थोडा फिरवला की खाच आधी किंवा नंतर उघडते, आणि तेवढं डिझेल कमी-जास्त जातं. वजनांचा गव्हर्नर इंजिनाचा वेग ओळखतो आणि एक दांडा सरकवतो. हिशोब सगळा लोखंडात कोरलेला आहे. कंट्रोलर नाही, सेन्सर नाही. नव्या यंत्रात एका सेन्सरची वायर उंदराने कुरतडली तर इंजिन सुरू होणं अडू शकतं, आणि लॅपटॉप घेऊन येणारा माणूस जिल्ह्याच्या गावाहून निघेपर्यंत दुपार होते. पावसाआधीच्या पंधरा दिवसांत ती दुपार शेतकऱ्याला परवडत नाही.

म्हणून मला जुनं पोकलेन आवडतं, आणि म्हणूनच त्याचे दोषही नीट सांगायला हवेत.

पहिला दोष तेलाचा. पूर्वीच्या बऱ्याच यंत्रांत हायड्रोलिक पंप एकाच मापाने तेल फेकत राहतो. बकेट खडकात अडकली, तरी तेल थांबत नाही. ते रिलीफ व्हॉल्व्हमधून टाकीत परत जातं आणि जाताना तापतं. म्हणजे तुम्ही डिझेल जाळून तेल तापवत बसता. नवा पंप गरजेप्रमाणे तेल कमी करतो. त्यातच जुने सील गळतात. सेकंदाला एक थेंब म्हणजे काहीच नाही, असं वाटतं. वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरा आणि आठ तासांची पाळी मोजा. जवळपास दीड लिटर तेल होतं, आणि ते ज्या तळ्यात पाणी साठवायचंय त्याच तळ्याच्या मातीत जातं.

दुसरी गोष्ट मी प्रत्येक हेल्परला हात धरून सांगतो. होज पाईपला सुईएवढं भोक पडलं तर बोटाने शोधायचं नाही. वातावरणाच्या शेकडो पट दाबाची ती धार कातडी फोडून आत शिरते. बाहेर टाचणी टोचल्यासारखी खूण दिसते, दुखतही फारसं नाही, आणि आत मांस मरू लागतं. दिरंगाई झाली तर बोट जाऊ शकतं. पुठ्ठ्याचा तुकडा नळीजवळून फिरवायचा, तेलाचा डाग उठला की जागा कळते. आणि धार लागलीच, तर दुखो वा न दुखो, थेट शस्त्रक्रियेची सोय असलेलं रुग्णालय गाठायचं.

धुराचंही तसंच. डिझेलचा धूर माणसाला कर्करोग करतो, असा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये दिला. आपल्याकडे २०२१ पासून कडक मानकं लागू झाली ती चाकांवर चालणाऱ्या बांधकाम यंत्रांना, आणि तीही नव्या विक्रीला. शिवारातलं वीस वर्षांचं पोकलेन तसंच धुरकटत राहतं, आणि खिडकी उघडी ठेवून दहा तास बसणारा ऑपरेटर तो धूर पितो. मालक डिझेलचा खर्च मोजतो, ऑपरेटरच्या छातीचा आणि कानांचा कुणी मोजत नाही. याचा मला मनापासून राग येतो.

माझं मत विचाराल तर तासांवर ठरवा. स्वतःचं शेत, स्वतःचा ओढा, वर्षाला दोन-तीनशे तास काम आणि हाताशी जाणता फिटर असेल तर जुनं खुशाल घ्या. रोज भाड्यावर पळवायचं असेल तर नका घेऊ, डिझेलच तुम्हाला खाईल.

घ्यायचं ठरलंच, तर पाहायला सकाळी जा आणि मालकाला आधीच सांगा की इंजिन गरम करून ठेवू नका. थंड इंजिन कसं उचलतं ते ऐका. मग बकेट जमिनीवर टेकवून बूमला थोडा जोर द्या आणि पिन-बुशकडे डोळा ठेवा. पिन आधी हलते, बूम नंतर, असा खटका दिसला तर भावात तेवढं कमी करा. शेवटी बकेट हवेत उचलून इंजिन बंद करा आणि दहा मिनिटं बाजूला थांबा, बूमखाली कुणालाही जाऊ देऊ नका. बकेट खाली सरकत असेल तर सिलिंडरचे सील किंवा कंट्रोल व्हॉल्व्ह संपत आलाय. चेन, रोलर आणि स्प्रॉकेटकडे तेव्हा नुसतं पाहून घ्या. पोकलेनच्या देखभालीच्या खर्चाचा मोठा वाटा तिथेच जातो, म्हणून पुढच्या आठवड्याचा अख्खा लेखांक त्यांच्यासाठी राखून ठेवलाय.