काडीकचऱ्याचं डांबर

रामाकोन्याहून सावनेरमार्गे नागपूर गाठलं आणि जबलपूरच्या रस्त्याला लागलं, की मनसर येतं. नागपूर-मनसर बायपासवर, राष्ट्रीय महामार्ग ४४ वरचा जैवडांबराचा पट्टा २१ डिसेंबर २०२४ रोजी नितीन गडकरींनी खुला केला. त्यातलं लिग्निन, म्हणजे लाकडाला ताठपणा देणारं द्रव्य, पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजचं. सोबतीला केंद्रीय रस्ते संशोधन संस्था.

पायरोलिसिसने जैवडांबर करण्याची वाट वेगळी. बंद भट्टीत, हवेविना, साधारण ५०० अंश सेल्सिअसला तापवलेला काडीकचरा न पेटता विघटतो. उरतो वायू, कोळसा आणि काळपट, धुरकट वासाचं तेल. ते घट्ट करून डांबरात मिसळायचं. डेहराडूनच्या भारतीय पेट्रोलियम संस्थेने भाताच्या तणसावर हा प्रयोग केला. मेघालयात जोराबाट-शिलाँग मार्गावर १०० मीटरचा तुकडा टाकूनही पाहिला.

घरच्या ओल्या कचऱ्याचं मात्र अवघडच. भाजीची देठं, संत्र्याची सालं यांत तीन-चतुर्थांश तर पाणीच. ते उडवण्यातच इंधन खर्ची पडतं. त्यांना आपला खताचा खड्डाच बरा. सौंसर-पांढुर्ण्याकडे भट्टीजोगा माल शेतात सापडेल: कापसाची वेचणी संपली की बांधाला रचून पेटवून देतात ती वाळकी पऱ्हाटी.