विहिरीचे पाणी आणि रसायनशास्त्राचा पहिला धडा

कर्नाटकातील कलबुर्गी जिल्ह्याच्या आळंद तालुक्यातील खजुरी व आसपासचा मुलूख दख्खनच्या काळ्या बेसाल्ट खडकावर वसलेला आहे. अशा खडकातून झिरपणाऱ्या पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियम यांचे क्षार विरघळतात. मग डाळ लवकर शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. ‘पाणी जड आहे’ असे गृहिणी म्हणतात. ते किती जड, हे वैश्लेषिक रसायनशास्त्र सांगते.

रीत सोपी आहे. ५० मिलिलिटर पाणी पिपेटने मोजून घ्यावे. त्यात सामू १० राखणारे द्रावण व एरिओक्रोम ब्लॅक टी हा दर्शक टाकावा. क्षारांशी जोडला गेल्याने दर्शक तांबूस दिसतो. ब्युरेटमधून ०.०१ मोलर ईडीटीए थेंबाथेंबाने सोडल्यास ते क्षारांना आपल्याकडे ओढून घेते आणि मोकळा झालेला दर्शक निळा होतो. या द्रावणाचा १ मिलिलिटर म्हणजे १ मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटइतकी कठीणता. १५ मिलिलिटर लागल्यास कठीणता लिटरमागे ३०० मिलिग्रॅम होय. २०१२ च्या भारतीय मानकानुसार ही मर्यादा २०० असून अन्य स्रोत नसल्यास ६०० पर्यंत चालते.

तथापि, नमुना चुकला तर उत्तम उपकरणही खोटे बोलते. म्हणून बाटली त्याच पाण्याने विसळावी, हातपंप काही वेळ चालवून मगच नमुना घ्यावा, बाटलीवर ठिकाण व तारीख लिहावी आणि जुळणारी वाचने मिळेपर्यंत चाचणी पुन्हा करावी. विद्यार्थ्याला आकड्याची जबाबदारी येथेच कळते.

ही जबाबदारी लहान नव्हे. जड पाणी जिभेला व चुलीला कळते. नायट्रेट मात्र कळत नाही. खते व उकिरडे यांतून ते विहिरीत उतरते. लिटरमागे ४५ मिलिग्रॅमपेक्षा अधिक नायट्रेट असलेले पाणी वरच्या दुधात मिसळल्यास तान्ह्या बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती घटू शकते. पाणी उकळल्याने जंतू मरतात, नायट्रेट जात नाही. उलट पाणी आटून त्याचे प्रमाण वाढते. यावर उपाय : तपासणी आणि दुसरा स्रोत.

२०१९ मध्ये सुरू झालेल्या जल जीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातील पाच महिलांना क्षेत्रीय संचाद्वारे पाणी तपासण्याचे प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे. संचाने शंका दाखविली तर प्रयोगशाळेने खात्री करावी. शाळेने या कामास हातभार लावल्यास गावची विहीर हेच रसायनशास्त्राचे पहिले पाठ्यपुस्तक ठरेल.